ठेवायचं नाही, फक्त न्यायचं

मित्रांनो, मी थायलंडमधल्या रोई-एतच्या वाचनालयातला एक जुना सर्व्हर आहे. पंख्याखाली, झाडूशेजारी माझी जागा. मला बसवलं त्या दिवशी मोगऱ्याची माळ घातली आणि भाषण झालं, "कोणीही यावं, फाइल ठेवावी. कोणीही यावं, न्यावी." अकरा वर्षं मी तेच केलं. शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका, रेशमाचे नमुने, जत्रेतल्या अग्निबाणांचे फोटो, सगळं सांभाळलं. पण सर्वांत जपली ती खामपून मावशीच्या आईची अंगाईगीतं. ती फु-ताय बोलीत आहेत, आणि ती बोली आता थोड्याच तोंडांत उरली आहे. मावशी दर महिन्याला एक कॅसेट आणायची. प्रसोंग, माझी देखभाल करणारा, ती वाजवून माझ्यात भरायचा.

मग कोणी माझ्यात चोरीचे सिनेमे ठेवले, कोणी व्हायरस. संचालकांनी फलक लावला: वर्ष २५६७ संपलं की ठेवणं बंद, फक्त डाउनलोड. प्रसोंगने ती तारीख जशीच्या तशी माझ्यात भरली. आमच्याकडे सन बुद्धापासून मोजतात. माझ्या पोटातलं घड्याळ मात्र २०२४ दाखवत होतं. मी निवांत राहिलो.

जानेवारीत मावशी शेवटची कॅसेट घेऊन आली. कॅसेटला ओल लागली होती, सुकवण्यात मुदत उलटून गेली होती.

"मावशी, बंद झालं गं," प्रसोंग म्हणाला.

"लावून तर बघ, बाबा."

त्याने लावली. मी घेऊ लागलो. त्याने माझ्यात भरलेली तारीख पाहिली आणि कपाळावर हात मारला. "मावशी, अजून पाचशे त्रेचाळीस वर्षं आहेत!"

"मग मी जेवून येते."

ती गेली. प्रसोंगचं हसणं ऐकून संचालक आले, सगळं पाहिलं आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता बंद कर."

"साहेब, पासवर्ड आठवत नाहीये."

"तुझा वाढदिवस असेल."

"तो कधी असतो, साहेब?"

असं करत त्याने कॅसेटची एक बाजू पुरी होऊ दिली. मग पासवर्ड आठवावाच लागला.

मावशी त्याच्यासाठी चिकट भाताची टोपली घेऊन परतली. "दुसरी बाजू लावलीस ना?"

प्रसोंगने कॅसेट काढून तिच्या हातात दिली.

मित्रांनो, मला आता काही घेता येत नाही, फक्त देता येतं. माझ्याकडे आहे ते घेऊन जा, दोन-चार ठिकाणी ठेवा. माझंही वय झालं. आणि ती दुसरी बाजू मावशीच्या कपाटात आहे. ओल फलक वाचत नाही. तिच्या घरी जा, बसा, ऐकून घ्या. लवकर जा.