फ्यूजच्या जागी मला लावलं तेव्हा

मित्रांनो, मी एका मेकॅनिकचा जुना टेस्टिंग लॅम्प आहे. दोन वायरी, एक बारीक बल्ब, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला दाभणासारखी सुई, एवढाच माझा संसार. दिसायला मी दीड दमडीचा, पण बिरवाडीतल्या महादू मेकॅनिकच्या गॅरेजात माझ्याइतकं खरं बोलणारं दुसरं कुणी नाही. करंट असेल तर पेटतो, नसेल तर नाही. लाडीगोडी मला जमत नाही.

माझा जन्मच आदळआपटीतला. आंबेनळी घाटात एक मोटरसायकल कठड्यावर फुटली. तिचा चक्काचूर टेम्पोत घालून आणला, तेव्हा मागच्या इंडिकेटरचा बल्ब तेवढा शाबूत होता. त्यातूनच मी झालो. चालवणाऱ्याचं काय झालं ते विचारू नका, टाकीवर रक्त वाळलेलं होतं. महादूने मला पकडीने उपटलं, वायरी जोडल्या आणि लगेच दुसऱ्या गाडीच्या अंगात सुई खुपसली. मी पेटलो.

त्यानंतर बारा वर्षं मी भोसकाभोसकीच केली म्हणा ना. हॉर्न मुका झाला, सेल्फ मेला, बॅटरी रोज उतरते. महादू सुई खुपसायचा आणि मी दुखणं दाखवायचो. गिऱ्हाइकं म्हणायची, महादूचा दिवा म्हणजे देवऋषीच हाय. ऐकून माझी छाती फुगायची. चिडला की महादू मला भिंतीवर फेकायचा, तेही सोसलं. मग त्याने आकडे दाखवणारा मीटर आणला आणि मी खिळ्याला लटकलो. कोळ्याने माझ्या चिमट्यात जाळं विणलं. फार लागलं हो मला ते.

यंदाच्या शिमग्याला हृतिक आला. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, मुंबईत नोकरी करणारा पोरगा. वाडीच्या वाटेला दिव्याचे खांब नाहीत, म्हणून मोटरसायकलला लावायला त्याने दोन जादा दिवे आणले होते. महादूला त्या दिवशी बूड टेकायला वेळ नव्हता. दासगावला, त्याच्या गावी, दुपारी पालखी नाचणार होती आणि पहिला खांदा त्याच्या घराण्याचा. पालखी कुणासाठी थांबत नाही. त्याने दिव्यांची वायर हँडलच्या मानेजवळून कशीबशी ओढली, पट्टी आवळली आणि गाडी बाहेर काढायला हँडल वळवलं. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला.

अहो, फ्यूज उडतो म्हणजे गाडी ओरडून सांगत असते, माझं कुठेतरी दुखतंय. तेव्हाच मला खाली काढायला हवं होतं. पण महादूने फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली आणि म्हणाला, सण होऊ दे, मग बघू. फ्यूज स्वतः मरतो आणि गाडी वाचवतो. तार मरत नाही. मी खिळ्यावरून नुसता बघत राहिलो.

पुढचं मी नंतर ऐकलं. हृतिक महाडहून धाकट्या बहिणीला, अक्षदाला, मागे बसवून घराकडे निघाला. वाडीच्या चढाला तिसऱ्या वळणावर टाकीखालून धूर आला आणि मागोमाग जाळ. अक्षदा अकरावी सायन्सला आहे. वायर तोडायला हवी हे तिला कळलं. तिने उजव्या हाताने ती वितळती वायर धरली आणि उपटली. आग विझली, पण तळहाताची साल वायरीबरोबर गेली.

दोन दिवसांनी त्यांचा बाप चांगू गाडी टेम्पोत घालून गॅरेजात आला. दोन्ही पोरं बरोबर होती. चांगू डोंगरात नाचणी पिकवणारा, दगडासारख्या हाताचा माणूस. गाडी कशाने पेटली, एवढंच त्याने विचारलं. महादूने नजर चुकवली आणि सांगितलं, दिव्यांचा माल बोगस.

तेवढं पुरे झालं. चांगूने पोराची मानगूट धरली आणि तोंड टाकीवर आपटलं. ओठ फुटला. मग लाथा, मग कोपऱ्यातला टायरचा तुकडा. मुंबईची हौस तुझी, पोरीचा हात जाळलास, परत घरात पाय ठेवू नको. एकेका शब्दाला एकेक फटका. हृतिक डोकं झाकून बसला. महादू सगळं ठाऊक असून उभा होता. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या मालकाची लाज वाटली.

धक्काबुक्कीत फळी कोसळली आणि मीटर फरशीवर फुटला. शेजाऱ्यांनी चांगूला धरलं. आधी तपासा तरी, असं अक्षदा रडत म्हणाली. मीटर गेला होता, म्हणून महादूने मला काढलं. अक्षदाने तोडलेली वायर त्याने तात्पुरती जोडली, जळकी तार उपटून फ्यूजच्या जागी मला लावलं आणि नवे दिवे सोडवून बाजूला ठेवले. मी विझलेलाच राहिलो. म्हणजे दोष दिव्यांचाच ठरणार, म्हणून महादूने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात अक्षदाने डाव्या हाताने हँडल वळवलं.

मी भक्कन पेटलो. तिने सरळ केलं, विझलो. वळवलं, पुन्हा पेटलो. चांगूला त्यातलं काही उमगलं नाही. महादूला उमगलं. चिमटा ओढला असता तर खोटं पचलं असतं. त्याची बोटं माझ्यापर्यंत आलीसुद्धा.

"काका," अक्षदा म्हणाली, "नवे दिवे तर तिकडं पडलेत. मग हा कशानं पेटला?"

महादूने पट्टी कापली. खाली चिरडलेली वायर होती. हँडल वळलं की ती लोखंडाला टेकत होती आणि करंट तिथून पळत होता.

"दिवे चांगले हायत," तो म्हणाला. "वायर मी आवळली. फ्यूजऐवजी तार मी घातली. पोराची काय चूक नाय."

चांगूने धरणाऱ्यांना झटकून व्हील पाना उचलला. घाव महादूच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज झाला. मी खाली पडलो, माझा बल्ब कुणाच्या तरी टाचेखाली फुटला. दुसरा घाव डोक्यावरच येणार होता. हृतिकने बापाचा हात धरला.

"बास, बाबा. त्यानं निदान कबूल तरी केलं."

चांगू पोराच्या फुटक्या ओठाकडे बघत राहिला. मग पाना टाकून रस्त्याकडे चालू लागला.

आता माझ्यात नवा बल्ब आहे, महादूने एका हाताने बसवलेला. दुसरा हात गळ्यात आहे. अक्षदाची मूठ अजून वळत नाही. मित्रांनो, हौसेने दिवे लावा, कोण नको म्हणतंय? पण फ्यूज उडाला तर तो का उडाला ते आधी शोधा. माणसावर हात उचलण्याआधीही तेवढाच शोध घ्या.

काल हृतिक मुंबईला जायच्या आधी गाडी न्यायला आला. चांगूही आला होता. त्याने महादूला सांगितलं, वायर परत एकदा बघून दे. हृतिक इंजिन चालू ठेवून बापाच्या तोंडाकडे बघत थांबला. चांगू म्हणाला, सावकाश जा. पोरगा आणखी थोडा थांबला आणि गेला. चांगूच्या आत काय जळतंय ते मला दिसत होतं, पण माणसाला माझा चिमटा लागत नाही. चुकलं, हे ज्याचं त्यालाच म्हणावं लागतं.