नळीच्या मनातली अढी

आमच्या कारखान्यात रायफलच्या नळ्यांना पाणी देतात, म्हणजे लालबुंद करून तेलात बुडवतात. तेलाला पाणी का म्हणायचं, हे विचारायची कोणाची टाप नाही. मग मंद आचेवर त्यांचा ताठा उतरवायचा, नाहीतर कडक झालेली नळी तडकायची भीती. भट्टी माझी. एवढं करूनही एखादी वाकतेच. ती सरळ करणं बाबांचं काम. खिडकीपाशी बसून ते नळीच्या पोटात डोकावतात, आतल्या सावलीची रेघ बघतात आणि नेमक्या जागी दाब देतात. दाबलेली नळी मात्र पुन्हा भट्टीत गेलीच पाहिजे, कारण जबरदस्तीने सरळ केलेलं पोलाद मनात अढी धरून बसतं आणि ती उबेनेच जाते. हा नियम बाबांचाच.

धाकट्या बहिणीची नेमबाजीची निवड परवावर आली होती आणि बाबांनी खास तिच्यासाठी केलेली नळी दगा देत होती. सुरुवातीच्या गोळ्या झकास, पण नळी तापली की उजवीकडे पळायच्या.

"हिचा श्वास चुकतोय," बाबा म्हणाले.

"श्वास काय फक्त गरम नळीलाच चुकतो?" धाकटी भडकली.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "बाबा, दाबल्यावर ही माझ्याकडे का नाही आली?"

"सरळ आहे ती!"

"थंड असेपर्यंत."

आमची चांगलीच जुंपली. मी भट्टीत टाकते म्हटलं, तर ते नळी कवटाळूनच बसले. शेवटी धाकटी रडकुंडीला आली. "बाबा, या निवडीसाठी मी नोकरी सोडलीय हो."

तेव्हा कुठे त्यांचा आवाज खाली आला. "भट्टीत अढी सुटली की ती वाकूनच बाहेर येणार. मग सरळ कोण करणार? मला ती रेघ दिसत नाही आता. दार लावून, अंदाजाने कशीबशी जमवली होती."

ऊठसूट सगळ्यांच्या चुका काढणारा हा माणूस मान खाली घालून बसला होता. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

"मला दिसते ना," धाकटी म्हणाली. "मी बघते, तुम्ही दाबा."

नळी भट्टीतून अपेक्षेप्रमाणे वाकून आली. या खेपेला गरम असतानाच दाबायची ठरली, म्हणजे अढी कमी. हातमोजे घालून धाकटी खिडकीपाशी बसली.

"डावीकडे, बाबा. अजून थोडं. अहो, एवढं नाही!"

"मला शिकवतेस?"

"हो!"

दाबून झाल्यावर ते स्वतःच नळी माझ्याकडे घेऊन आले. "आच बेताची ठेव, नाहीतर मऊ पडेल," म्हणाले. जसं काही मी कालच भट्टीवर आले होते.

दुसऱ्या दिवशी सरावात धाकटीने नळी हात लावता येणार नाही इतकी तापेपर्यंत गोळ्या झाडल्या आणि लक्ष्याचा कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांशी नेलाच नाही. बोट फिरवत राहिले, कडेला, मध्ये, पुन्हा कडेला.

"सगळ्या गोळ्यांचं एकच भोक आहे गं," म्हणाले, आणि आम्हा दोघींसमोर त्यांना रडू फुटलं.