अहो, वायर सोडा!

मित्रांनो, माझं नाव कीटार. हसू नका. अर्धा कीबोर्ड आणि अर्धी गिटार असा माझा जन्मच आहे. पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मलाही आहेत, पण मला टेबलावर ठेवत नाहीत. पट्टा लावून खांद्यावर अडकवतात. उजवा हात पट्ट्यांवर चालतो. डाव्या हातात माझी मान असते आणि मानेवर एक लहानसं चाक असतं. ते अंगठ्याने फिरवलं की सूर वाकतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते वाद्यांचं दुकान. तिथे मी काचेच्या कपाटात टांगलेला होतो. लोक थांबायचे, माझ्याकडे बोट दाखवायचे आणि शेवटी साधा कीबोर्ड घेऊन जायचे. दुकानदाराने माझ्यावरची धूळ पुसणंही सोडून दिलं होतं. मला वाटायचं, आपलं आयुष्य आता या काचेतच जाणार.

एक दिवस एक बाई आणि तिचा नवरा दुकानात आले. ती ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायची. तो त्याच ऑर्केस्ट्राचा साउंडवाला. सारखी बटणं फिरवत बसायचा म्हणून सगळे त्याला बटणराव म्हणायचे. त्यांना नवा कीबोर्ड घ्यायचा होता. पण बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ते काढा बघू."

"ताई, ते शोभेचं आहे हो," दुकानदार म्हणाला. "पट्ट्या कमी, आवाज कमी. याच किमतीत मोठा कीबोर्ड देतो की."

"हे घालून चालता येतं ना?"

"चालता?" दुकानदाराने बटणरावांकडे पाहिलं.

बाईंनी मला खांद्यावर घेतलं आणि दुकानाच्या दारापर्यंत चालत जाऊन परत आल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, गेल्या कार्यक्रमाला माझी आई पहिल्या रांगेत बसली होती. संपल्यावर मला विचारते, तू होतीस कुठे?"

"ड्रमच्या मागे होतीस. मला दिसत होतीस," बटणराव म्हणाले.

"तुम्हाला दिसून काय उपयोग? तुम्ही मला घरी पण बघता!"

"अगं, पण मोठ्यात सगळे आवाज मिळतात."

"सगळे आवाज मिळतात, आणि मी कुणाला मिळत नाही."

दुकानदार हसला, बटणरावही हसले, आणि मी कपाटातून सुटलो.

पहिल्याच कार्यक्रमात फजिती झाली. माझा आवाज वायरीतून जातो, आणि वायर आखूड होती. बाई झोकात पुढे निघाल्या आणि स्टेजच्या मध्यावर गचका बसून थांबल्या. दुसऱ्या दिवशी बटणरावांनी लांब वायर जोडून आणली. पण लांब वायर पायात येते. म्हणून ते स्टेजच्या कडेला आपल्या मशीनपाशी बसायचे, एक हात बटणांवर आणि दुसऱ्या हातात माझी वायर. बाई पुढे निघाल्या की पतंगाला ढील देतात तशी ते वायर सोडायचे आणि त्या मागे आल्या की गोळा करायचे. तालमीत ते कधी बोलण्यात गुंगले की बाई ओरडायच्या, "अहो, वायर सोडा!" कार्यक्रमात ओरडता येत नाही, तेव्हा त्या वायरीला हलकेच झटका द्यायच्या. बटणरावांना तो बरोबर कळायचा.

तेव्हा माझे दिवस फार चांगले गेले. बाई स्टेजच्या अगदी कडेपर्यंत जायच्या, गुडघा वाकवून माझं चाक फिरवायच्या आणि पुढच्या रांगेतली मुलं खुर्च्यांवर उभी राहायची. बाईंची आई म्हणाली, "आज दिसलीस बाई. पण केस नीट बांधत जा."

बाई मला फार जपायच्या. कार्यक्रम झाला की पट्ट्या पुसायच्या, खांद्याच्या पट्ट्यावरचा घाम पुसायच्या आणि माझ्या पोटातल्या बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवायच्या. मगच मला पेटीत घालायच्या. एकदाच त्यांनी बॅटऱ्या काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लगेच कार्यक्रम होता, म्हणून म्हणाल्या, "राहू दे आता, उद्या परत घालायच्याच आहेत."

त्या रात्री त्यांना ताप भरला. मग दवाखाना झाला. दवाखान्यातून बटणराव एकटे घरी आले.

मित्रांनो, त्यानंतर त्यांनी माझ्या पेटीला कुलूप लावलं आणि मला कपाटाच्या वर ठेवलं. वायरही माझ्याजवळच गुंडाळून ठेवली. पेटीत माझ्या आकाराचा खळगा आहे. त्यात मी घट्ट बसतो, जराही हलू शकत नाही. कार्यक्रमातून कार्यक्रमाला जाताना तो खळगा मला अंथरुणासारखा वाटायचा. आता तो चारी बाजूंनी दाबायला लागला. काचेच्या कपाटात निदान उजेड तरी होता.

घरातले आवाज मला ऐकू यायचे. एकच ताट मांडल्याचा आवाज, एकच कप धुतल्याचा. बटणराव कामाला जायचे, परत यायचे, आणि घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. सुट्टीच्या दिवशी ते स्टुलावर चढून माझी पेटी पुसायचे. बाहेरून पेटी नव्यासारखी झाली होती. कुलपाला त्यांनी कधी हात लावला नाही.

आत मात्र वेगळंच चाललं होतं. माझ्या पोटातल्या बॅटऱ्या फुगल्या आणि त्यांतून काहीतरी ओलं झिरपायला लागलं. ते माझ्या तारांवर पसरत होतं, मला हळूहळू खात होतं. वरून फडकं फिरायचं तेव्हा मला वाटायचं, ओरडावं. पण माझा आवाज वायरीतून निघतो, आणि वायर माझ्याशेजारी निपचित पडलेली होती.

बाईंची धाकटी बहीण त्याच ऑर्केस्ट्रात गायची. थोडंफार वाजवायचीही. ती मला मागायला आली.

"भाऊजी, ताईचं ते वाद्य द्या ना. तिची गाणी त्याच्याशिवाय सुनी वाटतात हो."

"नाही." बटणराव तिच्याकडे न बघताच म्हणाले. "पट्टा तिच्या मापाला लावलेला आहे. तो बदलायचा नाही."

ती गेली. मी पुन्हा अंधारात. काही दिवसांनी ती परत आली तेव्हा तिने मागितलं नाही. "नुसतं बघू द्या," एवढंच म्हणाली. बटणराव उठून कुलपाची किल्ली घेऊन आले. मग त्यांनी स्टूल ओढलं.

पेटी उघडली. उजेड आला आणि पेटीतून उग्र वास बाहेर पडला. धाकटीने मला उलटं करून झाकण काढलं. आत पांढरी-हिरवी बुरशीसारखी खपली धरली होती.

"हे काय, भाऊजी? बॅटऱ्या आतच?"

"मी तर दर आठवड्याला पुसत होतो..." बटणराव म्हणाले.

"वरून!" ती रागावून म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून तिने आवाज खाली आणला. "व्हिनेगर आहे का घरात? आणि जुना टूथब्रश आणा."

दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला उघडलं. बटणराव खपली घासत होते आणि मध्येच बाही डोळ्यांना लावत होते. "व्हिनेगर झोंबतंय," म्हणाले. धाकटीने मान हलवली. एक गंजलेली स्प्रिंग तुटली, तिच्या जागी त्यांनी तार डाग देऊन जोडली. नव्या बॅटऱ्या घातल्या, वायर लावली. मी बोललो. पण टोकाच्या तीन पट्ट्या कायमच्या गेल्या होत्या.

"राहू दे," धाकटी म्हणाली, "मी तिकडे जातच नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी पट्टा तिला आखूड पडला. ती ताईपेक्षा उंच होती. तिने पट्ट्याला हात लावला नाही, नुसती उभी राहिली. बटणरावांनी बक्कल हातात घेतलं. ते जुन्या भोकात रुतून बसलं होतं, काढायला त्यांना वेळ लागला. त्यांनी ते दोन भोकं पुढे लावलं.

गाणं सुरू झालं. धाकटी मला घेऊन पुढे निघाली आणि स्टेजच्या मध्यावर मला गचका बसला. तीच जागा. वायर ताणली गेली होती. तिने हलकेच ओढून पाहिलं, पण वायर येईना. अडकली कुठेच नव्हती. बटणरावांनी ती मुठीत घट्ट धरली होती. ते आमच्याकडे बघत होते, पण त्यांची मूठ उघडत नव्हती. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला ती, आणि मध्ये मी. पेटीत होतो तसाच.

तेव्हा धाकटी वळली आणि भर कार्यक्रमात मोठ्याने ओरडली, "अहो भाऊजी, वायर सोडा!"

लोक हसले. ड्रमवाल्याच्या हातातली काठी पडता पडता वाचली. बटणरावांनी आपल्या मुठीकडे पाहिलं, आणि मग माझ्या अंगावरचा ताण गेला. वायर सरसर पुढे येऊ लागली. धाकटी स्टेजच्या कडेपर्यंत गेली. पुढच्या रांगेत एक मूल खुर्चीवर चढलं.

मित्रांनो, माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कुणाचं एखादं वाद्य ठेवलेलं असेल तर आजच त्याचं झाकण उघडून बघा. आत बॅटऱ्या असतील तर काढा. आणि ते कुणी वाजवायला मागितलं, तर पट्टा त्याच्या मापाचा करून द्या.