पळून निघालेल्या वऱ्हाडाची गाडी

मी एका बेकरीची जुनी व्हॅन आहे. मित्रांनो, नवी होते तेव्हा माझा पांढरा रंग डोळ्यांत भरायचा. बेकरीवाले बाबा मला रोज पुसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझं कौतुक सांगत. किती वर्षं मी पहाटे गावभर पाव पोचवले. पुढे माझा रेडिएटर गळू लागला. "करू पुढच्या आठवड्यात," बाबा म्हणाले. तो आठवडा काही उजाडला नाही.

आता त्यांच्या मुलीच्या लग्नाचं ऐका. मुलगी नर्स, नवरा मुलगा घड्याळं दुरुस्त करणारा. दोघांना साधं लग्न हवं होतं. मुलाच्या वडिलांना, म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर तात्यांना, सारं गाव जेवायला हवं होतं. एकाला बोलवावं तर दुसरा रुसे, असं करत तारीख दोनदा लांबली. त्यात मुलीला परगावी नोकरी लागली. दुसऱ्याच दिवशी रुजू व्हायचं. वसंतातल्या त्या सकाळी ती वैतागून म्हणाली, "आम्ही पळून जातोय. घाटापलीकडच्या लग्ननोंदणी कचेरीत सह्या करणार, नोटीस महिन्यापूर्वीच दिलीय. ज्यांना यायचंय त्यांनी बसा."

पळून जाणारे दोघंच असतात, असा माझा समज होता. पाचजण बसले. मुलाच्या आईनं तर पाठीला उशी आणली. तात्या दारात पाठ फिरवून उभे.

"येताय का?" मुलाच्या आईनं त्यांना विचारलं.

"पळणाऱ्यांबरोबर मी जात नसतो."

निघालो. कुणी म्हणे खिडकी लावा, कुणी म्हणे उघडा. माझ्या पोटात पाणी आहे का, हे एकानंही विचारलं नाही. घाटात मुलगा मागे बघून म्हणाला, "स्कूटर येतेय. आपले तात्या."

"अडवायला येतायत," बाबा म्हणाले आणि त्यांनी मला दामटलं. तेही चढावर. काय बोलावं अशा माणसांना? पुढच्याच वळणावर मी भसाभसा वाफ सोडली आणि थांबले.

सगळे उतरून कोवळ्या पालवीच्या झाडाखाली उभे राहिले. दुपारी कचेरी बंद होणार होती. मुलीचे डोळे भरले.

तात्या आले. त्यांनी स्कूटरवरून पाण्याचा कॅन उतरवला. "ही गळते, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पळायचं तर पाणी बघून पळावं."

"मग घरूनच का नाही आलात?" मुलाची आई म्हणाली. "मी विचारलं होतं."

"एकदाच विचारलंस."

मुलगी पुढे झाली. "तात्या, चला ना. तुमच्याशिवाय सही करायला माझा हात उचलायचा नाही."

तात्यांनी माझं बॉनेट उघडलं. मी निवेपर्यंत ते थांबले, मग पाणी भरलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. नवरदेव स्कूटरवरून मागे. किती वर्षांनी कुणी मला इतकं जपून घाट चढवलं.

शिपाई दार लावत असताना आम्ही पोचलो. साक्षीदार म्हणून पहिली सही तात्यांची झाली. बाहेर आल्यावर ते सुनेला म्हणाले, "उद्या नोकरीवर मी सोडतो." बाबांनी मान डोलावली आणि माझी किल्ली त्यांच्या हातात दिली.

मित्रांनो, मी यंत्र आहे, रुसता येत नाही. थेट बंद पडते. माणसं आधी पाठ फिरवतात. तेवढ्यात त्यांना दुसऱ्यांदा विचारत जा.