श्रावणातला मांगूर

कमलाकांतरावांनी माशाला हात लावण्याआधी हातमोजे घातले, तेव्हा चारुशीलाबाईंना हसू आवरेना. चाळीस वर्षांपूर्वी हाच माणूस अमरावतीच्या प्रयोगशाळेत नाकाला रुमाल लावून खिडकीशी बसायचा. बाजारातून माशांची डोकी आणायच्या चारुशीला. कवटी फोडून मोहरीएवढी पीयूषिका ग्रंथी अलगद उचलायची, ती अल्कोहोलच्या कुपीत टाकायची, हेही त्यांचंच काम. घरी आलं की आई न्हाणीचं मागचं दार उघडून द्यायची. माशाला शिवलेल्या मुलीला पुढून यायची सोय नव्हती. या ग्रंथीतल्या संप्रेरकानं मादीची अंडी कशी पिकतात, किती मात्रा पुरते, हे सगळं त्यांनी शोधलं. कमलाकांतांनी आलेख काढले. आलेख सुबक होते, त्याबद्दल वाद नाही. निबंध छापून आला तेव्हा पहिलं नाव त्यांचं होतं आणि चारुशीलाबाईंचं तळटीपेत, आभारात, प्रयोगशाळेच्या शिपायाच्या खाली.

आज बार्शीटाकळीजवळच्या तळ्यावर कमलाकांतांचा सत्कार होता. महिला बचत गटानं देशी मांगूर माशाचं बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, तयार करायचं ठरवलं होतं. गट चालवणारी प्रणाली चारुशीलाबाईंची शेवटची विद्यार्थिनी. तिला बाईच हव्या होत्या, पण मत्स्यखात्यातल्या वरच्या साहेबांना प्रमुख पाहुणा वजनदार लागतो. म्हणून बाई पहिल्या रांगेत आणि कमलाकांत शाल पांघरून मांडवात.

आदल्या संध्याकाळी प्रणालीनं चार माद्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं होतं. यंदा पाऊस लांबला, त्यामुळे पिकलेल्या माद्या एवढ्याच. या हंगामाचं बीज निघायचं तर यांच्याच पोटातून. दुपारी तिनं एकेकीचं पोट हलकेच दाबलं. हिरवट तपकिरी अंडी घमेल्यात उतरली.

"आता नर," कमलाकांत माइकमध्ये म्हणाले. "नराचं पोट असंच दाबायचं, की वीर्य येतं."

त्यांनी दाबलं. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. मांगूर फटकन वळला आणि त्यांच्या चष्म्यावर चिखल उडाला.

"बाई," प्रणाली खाली वाकून कुजबुजली, "हे सर काय करून राहिले?"

"रोहू समजून दाबतायत."

"मांगुराले तर चिरा लागते ना! थांबलो तर अंडी जातीन माझी."

मांगुराचा नर दाबून देत नाही. त्याचं पोट चिरून वृषण काढावं लागतं, तेही लगेच. हे कमलाकांतांना ठाऊक नसेल असं नाही. कुठंतरी वाचलंच असेल. पण आज श्रावणी सोमवार होता, समोर फोटो काढणारे होते, आणि माशांच्या जिवावर आयुष्यभर मानसन्मान जेवलेल्या या गृहस्थाला उपवासाच्या दिवशी मासा कापायचा नव्हता.

बाईंनी फक्त बसून राहिलं तरी पुरे होतं. थोडा वेळ. घमेल्यातली अंडी मेली असती आणि अख्ख्या मांडवानं पाहिलं असतं की या माणसाला काय येतं. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आपल्या पायानं चालत आलं होतं. त्यांनी प्रणालीकडे पाहिलं. पोरगी घमेल्यावर पदर धरून उभी होती, ऊन लागू नये म्हणून.

बाई उठल्या. पदर खोचला.

"कात्री दे."

"अहो चारुशीलाबाई, आज श्रावणी सोमवार!" कमलाकांत म्हणाले.

"मग अंड्यांना सांगा मंगळवारपर्यंत थांबायला. माझाही उपवास आहे."

मागून तानुबाई नावाची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "करू द्या वो त्याइले. सायबाच्यानं तं मासा बी धरल्या जात नाई!" मांडव हसला.

बाईंनी नर चिरला, पांढरट वृषण काढून मिठाच्या पाण्यात बारीक केलं आणि अंड्यांवर ओतलं. प्रणाली कोंबडीच्या पिसानं ढवळू लागली.

तेवढ्यात कमलाकांतांनी माइक सावरला. "आमच्या संशोधनातून सिद्ध झालेली ही पद्धत..." टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं त्यांना घमेल्याजवळ बोलावलं.

बाईंनी चिरलेला मासा उचलून त्यांच्यापुढे धरला. "घ्या. याच्यावर तुमचं नाव आहे ना इतकी वर्षं? एकदा हातात तरी धरा."

कमलाकांत मागे सरले. शालीचं टोक माशाला लागलं आणि रक्त ओढत गेलं. फोटो निघाला तो नेमका तेव्हा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अमरावतीला प्रणालीचा फोन आला.

"बाई, पिल्लं निघाली! शेपट्या हालून राहिल्या."

बाई म्हणाल्या, "पाणी हळू सोड. ऊन येऊ देऊ नको."

"नाई येत. सरायची शाल हाय ना. वास मारते मनून इथंच टाकून गेले. तीच झाकली टाकीवर."

"चांगलं केलंस," बाई म्हणाल्या. "काहीतरी उपयोग झाला."