सगळ्यांच्या मेलेल्यांचा एकच दिवस

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती आणि लाँड्रीत अकरा माणसं होती, सहा देशांतून आलेली. त्यांच्यावर मुकादम म्हणून ज्या होत्या, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. बाईंच्या टेबलामागच्या भिंतीवर एक मोठं कॅलेंडर असे आणि त्यावर बारीक अक्षरात पेन्सिलीच्या खुणा. नव्या माणसाला वाटायचं, मशिनच्या दुरुस्तीच्या तारखा असतील. पण त्या मेलेल्या माणसांच्या तारखा होत्या.

थंडी सरली की इस्त्रीच्या रोलरवरचा कडक एका दिवसाची रजा मागायचा. त्याचा स्वतःचा शर्ट कायम नुकताच घडी मोडल्यासारखा, म्हणून त्याचं नाव कडक. त्याच्या देशात त्या दिवशी सगळं खानदान कबरीवर जातं, गवत उपटतं, दगड धुतं आणि तिथंच सावलीला बसून जेवतं. इतक्या लांबून कडक जाणार कसा? तो घरी बसून फोनवर धाकट्या भावाला सूचना द्यायचा, "डावा कोपरा राहिला, घास अजून." भाऊ वैतागून म्हणायचा, "दादा, बाबा जिवंत असताना त्यांची पाठसुद्धा तू एवढी घासून दिली नव्हतीस." लंबू ड्रायव्हरचा दिवस उन्हाळ्याच्या शेवटी. त्याच्याकडे वाडवडिलांसाठी कागदाचे दिवे पाण्यात सोडतात. कालव्यात काही टाकायला मनाई, म्हणून तो न्हाणीघरातल्या टबात पाणी भरून दिवा सोडायचा आणि विझेपर्यंत कुणाला आंघोळ करू द्यायचा नाही.

बाई यातल्या कुणालाच नाही म्हणत नसत. एक माणूस कमी पडलं तर स्वतः रोलरवर उभ्या राहत. कारण कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी बाईंचा नवरा आजारी होता. एक दिवस सकाळी तो म्हणाला, आज राहा ना घरी. बाईंनी तेव्हाच्या मुकादमाला फोन केला, तर तो म्हणाला माणसं कमी आहेत. बाई कामावर आल्या. दुपारी तो गेल्याचा निरोप आला.

घडीच्या टेबलावर दोघी होत्या. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघींनी दोन दोन टोकं धरायची, झटकायची, जवळ यायचं, टोकं द्यायची, पुन्हा मागे सरकायचं. हसरी आणि मौनी नऊ वर्षं हेच करत होत्या. दोघी पन्नाशीच्या पुढच्या. हसरी दिवसभर बोलायची, मौनी दिवसभर ऐकायची, आणि दोघींचं सूत असं जमलं होतं की लंबू म्हणायचा, या डोळे मिटूनही घड्या घालतील.

हसरीचा नवरा गेलेला. तिच्याकडे वर्षातून एकदा मेलेलं माणूस घरी पाहुणं म्हणून येतं. टेबलावर फोटो, दारापासून टेबलापर्यंत फुलं, त्याच्या आवडीचं जेवण, आणि त्याच्याच फजितीच्या गोष्टी सांगून पोट धरून हसायचं. रडायचं नाही. रडलं तर वाट ओली होते आणि येणारा घसरतो. मौनीचा मुलगा गेलेला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. तिच्याकडे ऐन थंडीत एक दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत शब्द काढायचा नाही, चूल पेटवायची नाही. दाराकडे तोंड करून बसायचं.

तर अशा लाँड्रीवर नवे साहेब आले. वय पस्तीसच्या आतबाहेर, वागायला सभ्य, हातात कायम टॅब. पहिल्याच महिन्यात त्यांनी बाईंच्या कॅलेंडरसमोर उभं राहून खुणा मोजल्या आणि पंधरा दिवसांनी फळ्यावर नोटीस लागली. स्मृतिदिनाच्या वेगवेगळ्या रजा बंद. शरद ऋतूतल्या एका शुक्रवारी कॅन्टीनमध्ये सर्वांचा एकत्र स्मृतिदिन. सर्वांनी आपापल्या माणसाचा फोटो आणावा. फुलं आणि चहा हॉस्पिटलतर्फे.

"घ्या! सगळे घोडे बारा टक्के," लंबू म्हणाला.

कडक गंभीरपणे म्हणाला, "माझे वडील वसंतात येतात. शुक्रवारी बोलावलं तर त्यांना कळणार कसं?"

बाई वर ऑफिसात गेल्या.

"साहेब, या रजांमुळे काम कधी अडलंय का?"

"नाही अडलं. कारण तुम्ही दोन माणसांचं काम करता," साहेब म्हणाले. "ते किती दिवस चालणार? आणि बाई, मला सांगा, दुःख काय देशादेशाला वेगळं असतं? घरोघरी मातीच्या चुली. सगळ्यांनी मिळून आठवण काढली तर वाईट काय?"

"दुःख एकच असेल साहेब. पण ते मांडायची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी."

"एकदा करून तर पाहू."

माणूस वाईट हेतूने बोलत नव्हता, हीच अडचण होती. बाई खाली आल्या.

त्या शुक्रवारी कॅन्टीनच्या लांब टेबलावर पांढरी चादर घातली होती, मौनी आणि हसरीनेच घडी केलेली. त्यावर एका ओळीत फोटो. कडकने फोटो आणला नव्हता, एक ओलं फडकं आणलं होतं. बसल्या बसल्या तो टेबलाची कड पुसत होता. साहेबांनी छोटं भाषण केलं, दोन मिनिटं शांतता पाळली. त्यात चहाच्या मशिनने दोनदा शिटी मारली. मग साहेब म्हणाले, "आता ज्याला जसं वाटेल तसं."

हसरीला जसं वाटलं तसं तिने सुरू केलं. लग्नाच्या दिवशी तिचा नवरा नव्या बुटांनी चिखलात कसा सपाट पडला आणि तसाच चिखलाचे हात घेऊन सासऱ्यांना कसा भेटला, ही गोष्ट. ती सांगताना तिने हातवारे केले, सासऱ्यांचा आवाज काढला. दोघंतिघं हसली. हसरी तर टेबलावर थाप मारून हसली आणि त्या थापेसरशी शेजारचा एक फोटो पालथा पडला.

तो मौनीच्या मुलाचा होता.

मौनीने फोटो उचलला, पदराने पुसला आणि नऊ वर्षांत कुणी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाली, "माझ्या पोरासमोर तमाशा करतेस? लाज नाही वाटत?"

"अगं, मुद्दाम केलं का मी?" हसरी गोरीमोरी झाली. मग तिचंही डोकं फिरलं. "आणि तू अशी सुतकी तोंड करून बसलीस तर माझा माणूस दारातूनच माघारी जाईल! वर्षातून एकदा येतो तो!"

"मग घाल त्याला फुलं तुझ्या घरी!"

"तेच तर करायला दिलं नाही ना कुणी!"

मौनी फोटो छातीशी धरून निघून गेली. साहेब हातात कप धरून उभे होते, तसेच राहिले.

सोमवारपासून दोघी टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या, पण बोलणं बंद. मौनी तर एरवीही बोलत नसे. हसरी गप्प झाल्यावर मात्र सगळ्या लाँड्रीला मशिनचा आवाज नव्याने ऐकू यायला लागला. जवळ यायच्या वेळी एक आधी यायची, दुसरी नंतर. टोकं जुळेनात. चादरी तिरक्या जाऊ लागल्या. तिसऱ्या आठवड्यात वरच्या वॉर्डच्या मुख्य नर्सने अख्खी ट्रॉली परत पाठवली, सोबत चिठ्ठी: या घड्या आहेत की पुरचुंड्या?

बाईंनी हसरीला कपाटाच्या खोलीत बोलावलं.

"तुझं काय चुकलं, सांग बघू."

"काहीच नाही."

"आणि तिचं?"

"तिचंही नाही. म्हणून तर कळत नाही ना बाई, माफी कुणी मागायची."

बाईंनी ती चिठ्ठी घेतली आणि वर गेल्या. या वेळी त्या खुर्चीवर बसल्या.

"साहेब, रजा देऊ नका. अदलाबदल करू द्या. ज्याला दिवस हवा त्याने दुसऱ्याची पाळी करायची. तुमचा हिशेब बरोबर राहील, त्यांचे दिवसही राहतील."

साहेबांनी चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली. "माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली," ते म्हणाले. "आमच्याकडे काहीच करत नाहीत. मला वाटलं, सगळ्यांबरोबर बसलो तर मलाही काहीतरी करता येईल." मग म्हणाले, "आईचा फोटो पाकिटातच राहिला त्या दिवशी. काढलाच नाही मी."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "घाई नसते त्यात."

नोटीस उतरली. थंडी पडली. मौनीने आपल्या दिवसासाठी दुसऱ्या एकीशी पाळी बदलली आणि कॅलेंडरवर खूण झाली. दुसऱ्या दिवशी हसरी बाईंच्या टेबलासमोर येऊन उभी.

"मलाही तोच दिवस हवा."

"तुझा नाही तो."

"तिचा आहे. मी तिच्याकडे जाऊन बसणार आहे. विचारलं मी तिला. हो म्हणाली. म्हणजे मान हलवली."

"दिवसभर गप्प बसावं लागेल. जमेल तुला?"

"नाही जमलं तर तोंडात बोळा कोंबीन."

घडीच्या टेबलावरच्या दोघी एकाच दिवशी नाहीत, म्हणजे पंचाईत. मौनीच्या बदली येणारीला रोलरवर लावलं होतं, तिथं माणूस कमी होतं. बाईंनी एक टोक धरायचं ठरवलं, दुसऱ्या टोकाला कुणी मिळेना. शेवटी त्यांनी साहेबांना फक्त कळवायचं म्हणून फोन केला. दहा मिनिटांनी साहेब बाह्या सरसावून खाली आले.

"शिकवा," ते म्हणाले.

पहिल्या वीस चादरी बघण्यासारख्या होत्या. साहेब पुढे यायचं तेव्हा मागे जात, झटकायचं तेव्हा सोडून देत. लंबू मुद्दाम रिकामी ट्रॉली घेऊन चार चकरा मारून गेला. कडकने एक घडी दोन बोटांत उचलून पाहिली आणि पुन्हा उलगडून दिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मात्र साहेबांना लय सापडली. चादर द्यायला जवळ आले असता ते हळूच म्हणाले, "आई घड्या घालायला मलाच बोलवायची. मी पळून जायचो." बाईंनी टोकं घेतली आणि पुढची चादर उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कामावर आल्या. बाईंनी मौनीला विचारलं, "कशी होती ही?"

मौनीने चादर झटकली. "तीन वेळा हसली."

"आवाज केला नाही हं मी!" हसरी म्हणाली.

"नाही केला. पण खांदे हलत होते." मौनी टोकं द्यायला पुढे आली. "भिंतीवरचा पोराचा फोटो बघून हसली. लहानपणचा, दात पडलेला. मलाही मग हसू आलं थोडं."

त्या दिवशी एकही चादर तिरकी गेली नाही असं म्हणता येणार नाही, कारण हसरीला कालचं सगळं साठलेलं एका दिवसात बोलायचं होतं. पण ट्रॉली परत आली नाही.

उन्हाळा लागला तेव्हा बाईंनी एक दिवस पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरवर स्वतःच्या नावापुढे खूण केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. कडकने ती पाहिली, काही विचारलं नाही, आणि त्यांची पाळी आपल्याकडे घेतली.

त्या सकाळी बाईंना साडेपाचलाच जाग आली. त्यांची मुलगी नोकरीला दांडी मारून घरी राहिली होती. दोघी चहा घेऊन स्वयंपाकघरात बसल्या.

"आई, आज काय करायचं असतं?"

"मला कुठं माहीत? आपल्याकडे कुणी काही ठरवलेलंच नाही."

"मग?"

बाईंनी कप खाली ठेवला. "त्या दिवशी सकाळी ते म्हणाले होते, आज राहा ना घरी," त्या म्हणाल्या. मुलीला हे ठाऊक नव्हतं. बाईंनी तिला सगळं सांगितलं, फोनपासून निरोपापर्यंत. सांगायला फार वेळ लागला नाही. मुलीने मधे एकदाच त्यांचा हात धरला.

मग दोघी दिवसभर घरीच राहिल्या. कुठं गेल्या नाहीत.