रजेत न लिहिलेले बारा तास

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात फोन वाजला आणि टेबलाशी बसलेल्या दोघांनीही आपापला खिसा चाचपला. वाजत होता तो मारेन टोलेफसनचा.

"निघाली बाईंची वरात," आर्लन पर्व्हिस म्हणाला आणि त्याने पुन्हा कॉफीत तोंड घातलं.

शिकागो विमानतळामागच्या गल्लीतलं हे घर नऊ सहवैमानिकांनी मिळून भाड्याने घेतलं होतं. ज्याची राखीव पाळी असेल तो इथे येऊन राही. राखीव पाळीत ठरलेली फेरी नसते, नुसता फोन असतो. तो वाजला की दोन तासांत गणवेश चढवून हजर व्हायचं. घराला नियम एकच होता. ज्याला बोलावणं येईल त्याची भांडी मागे राहिलेल्याने घासायची.

"डेन्व्हर, जाऊन-येऊन," फोनवर रोशेल होती. कंपनीच्या पाळ्या लावणाऱ्या कक्षात ती अकरा वर्षं बसत होती. "बारा चाळीसला हजेरी, रात्री आठ वीसला मोकळी. तुझी लष्करी रजा उद्यापासून. म्हणजे आड काही येत नाही. टाकू नाव?"

मारेन हो म्हणणारच होती. तेवढ्यात तिला उद्याची सकाळ आठवली.

"रोशेल, मला दहा मिनिटं दे."

"का गं? तुम्हा गार्डवाल्यांना देशाची आठवण नेमकी शुक्रवारीच कशी होते?"

"चूक माझीच आहे. दहा मिनिटं."

"नऊ वीस. एक मिनिट वर नाही."

महिन्यातून एका शनिवार-रविवारी मारेन नॅशनल गार्ड या अर्धवेळ सैन्यदलासाठी पिओरियाला मालवाहू विमान उडवायला जाई. तेवढ्यासाठी कंपनी लष्करी रजा देते. कायदाच तसा आहे. सहा वर्षं ती अर्जात तेच दोन दिवस लिहीत आली होती, कारण शनिवार बहुतेक वेळा बैठकांत आणि व्याख्यानांत जाई. उद्या मात्र सकाळी सातला तिची परीक्षा होती, विमानाची कमांडर होण्यासाठीची. आणि उड्डाणाआधी बारा तास विश्रांती हा गार्डचा नियम. आज संध्याकाळी सातनंतर तिने कुणाचंही विमान उडवलं, तर उद्या तिला विमानाजवळ फिरकू देणार नव्हते. हे बारा तास रजेत लिहायचे असतात, हे ती नव्या पोरांना स्वतः शिकवायची.

परीक्षक परराज्यातून फक्त उद्यापुरता येणार होता. सोमवारी यादी पक्की होणार होती आणि नऊ तारखेला तुकडी चार महिन्यांसाठी परदेशी निघणार होती. उद्याची संधी हुकली तर तिला जावं लागणार होतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली, सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत. कमांडर डावीकडे बसतो.

"रजा आज संध्याकाळपासून करून घे की," सगळं ऐकून पर्व्हिस म्हणाला. "तोंडी सांगितलं तरी चालतं. रोशेल नाही म्हणूच शकत नाही."

"मग फेरी कुणाला जाईल?"

पर्व्हिसने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याची राखीव पाळी दोनला संपत होती आणि यादीत पुढचं नाव त्याचंच होतं. ईस्टरआधीच्या लेंट या उपवासाच्या दिवसांतला पहिला शुक्रवार होता, मांस वर्ज्य आणि मासे चालणारा. पाचपासून त्याच्या गावच्या चर्चच्या तळघरात दोनशे माणसांसाठी मासे तळले जाणार होते, आणि एक वर्ष सोडलं तर गेली चौदा वर्षं कढई पर्व्हिसकडे होती.

"थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्या जागी तुम्हीच गेला होतात," मारेन म्हणाली. "जानेवारीतही."

"मग? तेव्हा मी रडलो?"

"रडला नाहीत. पण महिनाभर ऐकवलंत."

"ते तर मी आताही ऐकवीन, पोरी. चोपन्नाव्या वर्षी उजव्या खुर्चीत बसलोय, आणखी करू काय? रजा वाढव. मासे तळायला तापलेलं तेल लागतं. माणूस कोणीही चालतो."

"गेल्या वर्षी तुम्ही आजारी होतात तेव्हा फादरनी तळले ना?"

त्या वर्षीच्या माशांबद्दल गावात अजून बोलत असत.

नऊ चौदाला मारेनने पिओरियाला सार्जंट ब्रांटला फोन लावला. तुकडीची उड्डाणं तीच लावायची.

"सार्जंट, उद्याची हजेरी सातऐवजी नऊला घेता येईल?"

"काय घोळ घातलात, मॅडम?"

मारेनने तीन वाक्यांत सांगितला. पलीकडे बोटं टेबलावर वाजत होती.

"परीक्षक चारला परत निघतो. नऊला आलात तर साडेअकराला उड्डाण, तीनला खाली. बसतंय. पण तुम्ही आज रात्री नऊच्या आत तिकडून मोकळ्या झाल्या पाहिजेत. पावणेतीन तासांचा रस्ता, वर आठ तास झोप. नऊ वाजून एक मिनिट झालं तरी मी तुमचं नाव काढणार. रागावू नका."

"रागावणार नाही."

"आणि एक. डेन्व्हरला संध्याकाळी बर्फ आहे. बघितलंत ना?"

तिने बघितलं नव्हतं. आता बघितलं. नऊ एकोणीसला तिने रोशेलला फोन केला.

"नाव टाक. आणि रजा आज रात्री नऊपासून लाव."

"नक्की? सातपासून मागितलीस तरी मला द्यावी लागेल. मग मी आर्लनला उठवते."

"ते उठलेत. त्यांना मासे तळू दे."

रोशेलने नाव टाकलं. "परतीला उशीर होतोय असं वाटलं तर मला कळव. मी काही करू शकेन असं नाही. पण कळव."

पर्व्हिसने तिची बशी उचलून नळाखाली धरली. "मूर्ख आहेस," तो म्हणाला. "डेन्व्हरला उतरल्याबरोबर पंखावरचा बर्फ धुवायच्या रांगेत नंबर लावायला सांग. कॅप्टन लोक कॉफी प्यायला जातात आणि रांग वाढते."

डेन्व्हरला विमान वेळेवर उतरलं तेव्हा शिकागोत चार वीस झाले होते. मारेनने घड्याळ शिकागोच्या वेळेवरच ठेवलं होतं. कॅप्टनला तिने पर्व्हिसचा सल्ला सांगितला, स्वतःचं कारणही सांगितलं. तो कॉफी प्यायला गेला नाही. साडेपाचला विमानाने जागा सोडली. रांगेत त्यांचा नंबर अकरावा होता. तिने दोनदा हिशेब केला. सव्वासहाच्या आत चाकं जमिनीवरून सुटली, तर नऊच्या आत ती मोकळी होत होती.

जागा सोडण्याआधी, फोन बंद करताना, तिने दोन निरोप वाचले होते. सार्जंट ब्रांटचा होता: "परीक्षक पोहोचला. नऊला ठरलं. यादीत तुमचं नाव डाव्या खुर्चीसमोर पेन्सिलीने लिहिलंय." दुसऱ्यात पर्व्हिसने कढईचा फोटो पाठवला होता.

पाच अठ्ठावन्नला पडणारा बर्फ विरळ झाला. पुढच्या विमानाच्या पंखांवरून बर्फ धुवायचं हिरवट पाणी ओघळत होतं. टॉवरने रांग पुन्हा वाचून दाखवली. त्यांचा नंबर चौथा होता. एका विमानाला चार मिनिटं लागत होती, आणि सव्वासहाला अजून सतरा होती.